मागचा प्लॉट

"तोंडी नको, नकाशात दाखवा."

आमच्या ऑफिसात नकाशे काढणाऱ्या बाई हे उभ्यानंच म्हणायच्या. त्यांना खुर्ची नव्हती असं नाही, चांगली फिरती खुर्ची होती, पण तिच्यावर कायम नकाशांच्या गुंडाळ्या पडलेल्या असत. त्या टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायच्या, मध्येच थांबून समोरच्या कागदावर अंगठ्याचं नख दाबायच्या, आणि पुढ्यातला माणूस केवढाही मोठा बिल्डर असो, हेच सुनावायच्या. मी तिथे नवी लागले तेव्हा पहिला महिनाभर मला त्या फेऱ्यांनी चक्कर यायची.

आमचं ऑफिस बडोद्याला लहरीपुऱ्यात, साड्यांच्या दुकानांच्या वर. जमिनीचे प्लॉट पाडायचे, रस्ते सोडायचे, नकाशा काढून महापालिकेकडून मंजूर करून आणायचा, हा आमचा धंदा. मालक गुजराती, कारकून गुजराती, त्यामुळे त्या पक्क्या बडोद्याच्या मराठी असूनही सगळ्यांच्या 'बेन', म्हणजे ताई, होत्या. मीही बेनच म्हणू लागले.

या धंद्याची भाषा बाहेरच्या माणसाला घाबरवते, हे तुम्हीही कधीतरी अनुभवलं असेल. बांधकामाच्या परवानगीला आमच्याकडे रजाचिठ्ठी म्हणतात. घराभोवती मोकळी ठेवायची जागा म्हणजे मार्जिन. एका प्लॉटचे दोन केले की प्रत्येक तुकडा पेटा प्लॉट. आणि रस्त्यांसाठी तुमच्या जमिनीतून जो भाग काढून घेतात, ती कपात. या शेवटच्या शब्दानं माणसं पेटून उठत. एक म्हातारे शेतकरी काका एकदा काठी आपटत आले. "बेन, मारी जमीनमांथी कपात शेनी?" माझ्या जमिनीतून कपात कसली?

"काका, रस्तो कंई आकाशमांथी नथी पडतो," बेन म्हणाल्या. मग फेऱ्या मारत मारत त्यांना सगळं समजावलं. जाताना काका म्हणाले, समजलं, पण पटलं नाही. बेन म्हणाल्या, बराबर आहे, मलाही पटत नाही. त्या दिवशी त्या काकांनी सगळ्या ऑफिसला चहा पाजला.

मी फ्लॅट घेतला तेव्हा सत्यनारायणाला त्यांना बोलावलं होतं. आरती संपली, प्रसाद वाटायला घेतला, तर बेन गायब. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या त्या बाई रागावून गेल्या की काय?" तेवढ्यात त्या आल्या. साडीला कुसळं, चपला धुळीनं भरलेल्या. "कॉमन प्लॉट बघून आले," म्हणाल्या. म्हणजे सोसायटीतल्या सगळ्यांसाठी सोडायची मोकळी जागा. "मागे आहे. जागा पूर्ण सोडलीय. पण वॉचमन म्हणतो तिथे हॉल होणार. तू सोसायटीच्या मीटिंगला जा आणि सांग, तोंडी नको, नकाशात दाखवा." प्रसाद त्यांनी उभ्यानंच खाल्ला. सासूबाईंना त्या तेव्हापासून जाम आवडायला लागल्या.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्यांना आयुष्यभर 'तोंडी नको' सांगणाऱ्या या बाईंचा स्वतःचा सगळा कारभार तोंडी होता.

गोत्रीला वस्ती व्हायच्या आधी त्यांच्या वडिलांनी तिथे एक प्लॉट घेऊन ठेवला होता. तो दोघांचा, बेनचा आणि धाकट्या भावाचा. पुढचा अर्धा भावाचा, मागचा बेनचा, असं ठरलं. मागच्या प्लॉटला रस्ता लागत नव्हता, तेव्हा रीतसर विभाजन करायचं तर पुढच्यातून वाटेची एक पट्टी सोडावी लागणार होती. पट्टी सोडली की पुढचा प्लॉट अरुंद होत होता. दोन्ही बाजूंचं मार्जिन वजा करता भावाचं घर आगगाडीच्या डब्यासारखं झालं असतं. त्याचं लग्न ठरलेलं, कर्ज मंजूर झालेलं. बेननी विभाजनच केलं नाही. सगळा प्लॉट एकच दाखवला, पुढे भावाचं घर काढलं, आणि मागची आपली जमीन नकाशात नुसती मोकळी ठेवली. वाट? "ती आपसातली," म्हणाल्या. भाऊच तर होता.

मग त्यांनी मागे एका घराचं जोतं बांधून घेतलं. गुडघाभर उंचीचं, विटांचं. त्यावर भिंती चढल्याच नाहीत. आईचं आजारपण आलं, ते लांबलं, आणि जोतं तसंच राहिलं.

त्या स्वतः पाणीगेटला भाड्यानं राहायच्या. एकदा त्यांना ताप होता म्हणून मी डबा घेऊन गेले, तर मला वाटलं, बाई कालच राहायला आल्यात. ट्रंकेला दोरी बांधलेली, खिडकीला पडदा नाही, भिंतीवर एक खिळासुद्धा नाही. "किती वर्षं झाली इथे?" मी विचारलं. त्यांनी हात हलवला. "हे तात्पुरतं गं. पडदे तिकडे गेल्यावर." मला तेव्हा हसू आलं होतं.

रविवारी त्या गोत्रीला जात आणि जोत्यावर उगवलेलं गवत उपटून येत. घराच्या बाजूच्या वाटेत आधी स्कूटर आली, मग पाण्याची टाकी, मग गाडी, तिच्यावर पत्र्याची शेड आणि शेडला लागून पोर्च. बेन आडव्या होऊन, पोट आत ओढून पलीकडे जायच्या. "बरं झालं मी बारीक आहे," असं त्या आम्हाला सोमवारी हसत सांगायच्या. मला त्या हसण्याचा राग यायचा. मी म्हटलंही, "बेन, सांगा ना त्यांना." तर म्हणाल्या, "सांगितलंय. हो म्हणतो तो."

आणि एक दिवस त्यांचा भाचा ऑफिसात आला. त्याला घरावर मजला चढवायचा होता. रजाचिठ्ठीसाठी नकाशा हवा, आणि नकाशा काढायला आत्यासारखं कोण? जुना नकाशा त्यानं टेबलावर पसरला. "आत्या, मागची सगळी जागा आपल्या घराचं मार्जिन म्हणून दाखवा. आणि वरच्या मजल्यावर ही खोली तुमची. बाबांनी सांगितलंय."

मुलगा साधा होता, मनापासून बोलत होता. बेन फेऱ्या मारत राहिल्या. मग त्यांनी मला कॉम्प्युटरवर बसवलं आणि सांगितलं, "जे जागेवर आहे ते नकाशात घे. जोतं दाखव. शेड दाखव."

"आत्या, जोतं दाखवलं तर पास होणार नाही."

"नाही होणार. एका प्लॉटवर दुसऱ्या घराचं जोतं चालत नाही. मग विभाजन करून घ्या. आता नियम थोडे सैल झालेत. शेड आणि पोर्च पाडला तर वाट सुटते, तुझा मजलाही बसतो."

दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतः जिना चढून आला. पांढरे केस, हातात हेल्मेट. आम्ही सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलो, कान मात्र तिकडेच.

"ताई, तुझं बराबर आहे, मी नाही म्हणत नाही. पण पोर्च तोडायचा? या वयात? वर खोली देतोय ना तुला. त्या जोत्यावर आता राहणार आहे कोण?"

"मी," बेन म्हणाल्या.

भाऊ नमस्कारही न करता जिना उतरून गेला. बेननी उरलेला दिवस कुणाकुणावर कारण नसताना खेकसण्यात घालवला. मी दोनदा रडवेली झाले.

मधले दिवस वाईट गेले. रविवारी त्या गोत्रीला गेल्या नाहीत. फोन वाजला की थबकायच्या, आमच्यापैकी कुणाचा असला की पुन्हा चालायला लागायच्या. मग भाचा आला, दारातूनच म्हणाला, "बाबा म्हणतात, पोर्च तोडायचाय. नकाशा काढा."

विभाजन मंजूर झालं. मागच्या प्लॉटला स्वतःचा नंबर मिळाला, आणि मालकाच्या रकान्यात पहिल्यांदाच एकट्या बेनचं नाव छापलं गेलं. त्यांनी तो कागद खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला आणि मग ऑफिसभर सगळ्यांना दाखवत फिरल्या. आमच्या मालकांनी मोठ्यानं विचारलं, "बेन, पार्टी क्यारे?" "आत्ताच," म्हणत बेननी खालून गरम फाफडा मागवला.

आता घराचा नकाशा तेवढा काढायचा होता. आम्हाला वाटलं होतं, इतक्या वर्षांचा तो डोक्यात तयारच असणार. कुठला! सोमवारी स्वयंपाकघर पूर्वेला, बुधवारी उत्तरेला. दार एकदा इकडे, एकदा तिकडे. मी पुसून पुसून थकले. "बेन, आता पक्कं करा ना," मी कुरकुरले. "थांब गं," त्या म्हणाल्या, "एकदाच तर बांधायचंय." इतकं आनंदात मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. त्या फेऱ्या मारत बोलायच्या आणि मी भिंती हलवत राहायचे.

नकाशा पक्का झाला नाही. उन्हाळ्यात त्यांना पुन्हा ताप आला, तो डोक्यात गेला म्हणतात. तीन दिवसांत सगळं आटोपलं. पाणीगेटच्या खोलीतून सामान हलवायला वेळ लागला नाही, ट्रंकेची दोरी सोडावीच लागली नाही. हे लिहितानाही मला चीड येते. कुणाची, ते सांगता येत नाही.

परवा गोत्रीला काम होतं, म्हणून त्यांच्या भावाकडे डोकावले. नवा मजला चढलाय, रंग चाललाय. समोर सिमेंटची पोती आणि लाद्यांची थप्पी, गाडी रस्त्यावर उन्हात उभी. घराच्या बाजूची वाट मात्र स्वच्छ झाडलेली होती, थेट मागच्या जोत्यापर्यंत. मला दुसरी जागा दिसेना, म्हणून मी स्कूटर तिथेच लावली.

भाऊ बाहेर आले. मला ओळखलं, ये म्हणाले, आणि पायरी उतरून स्वतःच माझी स्कूटर बाहेर ढकलू लागले.

"इथे नको लावू, बेटा," ते म्हणाले. "ताईची वाट आहे."