भूपालअण्णांना इलेक्ट्रो ऐकवलं तेव्हा

पेशंट मशीन काढून बोलायला लागला की ऑडिओलॉजिस्टची पंचाईत होते. त्याचं आपल्याला ऐकू येतं, आपलं त्याला नाही. भूपालअण्णा मगदुमांनी त्या दिवशी नेमकं तेच केलं. कानामागचं मशीन काढलं, माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, ह्ये तुमच्याकडंच ठिवा. मला नगो आता."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. शेजारी त्यांच्या पत्नी सुनंदाकाकू बसल्या होत्या. त्यांनी मशीन उचलून अण्णांच्या हातात दिलं आणि लावा म्हणून खूण केली. अण्णांनी लावलं, पण माझ्याकडे न बघता.

मी सांगलीतल्या एका ईएनटी क्लिनिकमध्ये काम करते. ज्यांचा कान पूर्ण गेलाय आणि साध्या हिअरिंग एडचा उपयोग होत नाही, त्यांना आमच्याकडे कॉक्लियर इम्प्लांट बसवतात. ऑपरेशन क्लिनिकचे सर्जन, आमचे सर, करतात. आतल्या कानात एक बारीक तार सरकवायची, तिच्यावर इलेक्ट्रोड असतात. बाहेर कानामागे मशीन. मशीन आवाज पकडतं, त्याचे विजेचे ठोके करून आत पाठवतं आणि मेंदू त्यातून बोलणं ओळखायला शिकतो. हे शिकवण्याचा भाग माझा. कुठल्या इलेक्ट्रोडला किती करंट द्यायचा ते कॉम्प्युटरवर ठरवायचं, त्याला आम्ही मॅपिंग म्हणतो.

अण्णांचं कवठे महांकाळला ठिबक सिंचनाच्या पाइपांचं दुकान. एका आजारपणात औषधांनी कान गेले. इम्प्लांट झालं, मशीन सुरू झालं, आणि पहिले काही महिने त्यांची प्रगती मी इतरांना सांगावी अशी होती. फोनवर गिऱ्हाइकाशी बोलायला लागले होते. मग गाडी अडली. शब्द ओळखण्याची टेस्ट घेतली तर मागच्या वेळेपेक्षा कमी. मशीन दिवसातून किती वेळ चालू असतं, ते आम्हाला कॉम्प्युटरवर दिसतं. अण्णांचा आकडा दर भेटीला खाली येत होता. मशीन लावलं नाही तर मेंदू शिकलेलंही विसरायला लागतो. म्हणजे ऑपरेशन पाण्यात जायची वेळ आली होती.

कारण काकूंनी सांगितलं. अण्णा तरुणपणापासून बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पूजेला पेटी वाजवायचे. मशीन लागल्यावर पहिल्यांदा पेटीवर बसले तेव्हा घरचे सगळे जमले होते. अण्णांनी भाता हलवला, एक पट्टी दाबली, दुसरी दाबली आणि उठून गेले. त्यानंतर पेटीवरचा कपडा निघाला नव्हता. टीव्हीवर गाणं लागलं तरी ते मशीन काढत, मग जेवतानाही काढायला लागले.

"कसं ऐकू येतं?" मी विचारलं.

"पत्र्यावर खडं वतल्यागत. सा कुठला आनि प कुठला, कायबी कळत न्हाई."

त्यांचं चूक नव्हतं. शाबूत कानात आवाज टिपणाऱ्या हजारो पेशी असतात. इम्प्लांटमध्ये त्यांचं काम मोजके इलेक्ट्रोड करतात. पेटीच्या शेजारशेजारच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून टाकल्या तर काय होईल? एक दाबली की बाजूच्या चार वाजतील. तसं ते असतं. बोलणं कळायला एवढं पुरतं. सूर कळायला पुरत नाही. ठेका मात्र जवळजवळ जसाच्या तसा पोचतो, कारण ठोका कधी पडला हे मशीनला अचूक कळतं.

मी मॅप बदलून पाहिला. पुढच्या भेटीला आणखी बदलला. पेटी पत्र्याचीच राहिली.

सरांशी बोलले. सर म्हणाले की इम्प्लांट बोलण्यासाठी केलंय, पेटीसाठी नाही, आणि हे त्यांना एकदा स्पष्ट सांगून टाक. मी म्हटलं, सर, ते सांगितलं की मशीन ड्रॉवरमध्ये जाईल. सर उठले. पुढची केस बघायला निघून गेले. याचा अर्थ, तुला सुचेल ते कर.

आता माझ्या एका छंदाबद्दल सांगावं लागेल. क्लिनिकमध्ये तो फारसा कुणाला माहीत नव्हता. हॉस्टेलला असताना एका सीनिअरने मला काही कॅसेटी दिल्या होत्या. सत्तरच्या दशकात परदेशातल्या काही जॅझ वादकांनी पियानो बाजूला ठेवून सिंथेसायझर घेतला आणि त्याखाली नाचायला लावणारा ठेका धरला. ते इलेक्ट्रॉनिक जॅझ-फंक. पुढे ऐंशीच्या सुरुवातीला ड्रमरच्या जागी ड्रम मशीन आलं, गाणारा यंत्रमानवासारखं बोलायला लागला. ते सुरुवातीचं इलेक्ट्रो. मला दोन्हींचं वेड लागलं ते गेलंच नाही. इंटरनेटवर अशा ऐकणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. कोण कुठला, माहीत नाही. एकमेकांना आल्बम सुचवायचे, रेकॉर्डच्या पहिल्या बाजूपेक्षा दुसरी का चांगली यावर वाद घालायचे, एवढंच नातं.

त्या ग्रुपवर मी लिहिलं की मला माझ्या पेशंटसाठी आल्बम हवेत. एका वेळी दोनतीनच गोष्टी वाजाव्यात, प्रत्येक वेगळी कळावी, सुरांचा गिलावा नको, ठेका ठसठशीत हवा. संध्याकाळपर्यंत ढीगभर उत्तरं आली. त्यात एकाने सहज विचारलं होतं, "तुझ्या पेशंटना व्होकोडरचा आवाज कसा ऐकू येतो गं?"

व्होकोडर म्हणजे इलेक्ट्रोमधला यंत्रमानवाचा आवाज काढणारं उपकरण. माणसाचा आवाज ते चाळणीने गाळून खालच्या-वरच्या सुरांच्या मोजक्या पट्ट्यांत वेगळा करतं आणि त्या पट्ट्यांतून पुन्हा उभा करतं. इम्प्लांटचं मशीन तेच करतं. मी दोन्ही गोष्टी इतकी वर्षं रोज ऐकत होते, एक पोटासाठी आणि एक आवडीसाठी, आणि त्यांची गाठ घालून दिली ती भलत्याच माणसाने.

इम्प्लांटमधून साधारण कसं ऐकू येत असेल, हे दाखवणारं सॉफ्टवेअर आमच्याकडे आहे. नातेवाइकांना समजावताना वापरतो. सुचवलेले आल्बम मी त्यातून काढून ऐकले. माझ्या सगळ्यात लाडक्या जॅझ-फंकचा चुराडा झाला. मऊ इलेक्ट्रिक पियानो, त्यावर बासरी, वाईट वाटलं ऐकून. इलेक्ट्रो मात्र जवळपास जसंच्या तसं बाहेर आलं. ड्रम मशीनचा ठोका, टाळी, खाली कीबोर्डवरचा बेस, म्हणजे खर्जातली साथ, मध्ये यंत्रमानवाचं एखादं वाक्य. एकदा चाळलेल्या पिठाला दुसऱ्या चाळणीने काय होणार?

पुढच्या भेटीला अण्णांना लॅपटॉपसमोर बसवलं. ते बसले तेच हाताची घडी घालून. मी आधी एक जॅझ-फंकचा तुकडा लावला, मुद्दाम नाही, सॉफ्टवेअर चुकलं असेल अशी खरंच आशा होती. अण्णा म्हणाले, "भांडी घासत्यात कोनतरी." बंद केलं. मग इलेक्ट्रो लावलं.

सुरुवातीला नुसता ठेका होता. अण्णांचा चेहरा हलला नाही. थोड्या वेळाने उजव्या हाताचं बोट घडीतून बाहेर आलं आणि दंडावर पडायला लागलं. मग घडी सुटली. त्यांनी मांडीवर केरव्याचा ठेका धरला आणि अर्ध्यात थांबले. म्हणाले की चौथ्या मात्रेला हा फसवतोय, टाळी उशिरा टाकतोय. पुन्हा लावायला सांगितलं. टाळी खरंच उशिरा होती. मग व्होकोडरचा आवाज सुरू झाला आणि ते पुढे वाकले.

"ह्यो मानूस न्हाई व्हय? मशीन बोलतंय?"

"माणूसच आहे अण्णा. मशीनमधून बोलतोय."

"म्हंजे तुमास्नीबी असाच आयकू येतोय?"

"असाच."

"समद्यास्नी असाच?"

"सगळ्यांना. तो असाच आहे."

अण्णांनी काकूंना बोलावलं आणि हेडफोन घालायला लावले. काकूंनी थोडंसं ऐकलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "आवं, ह्ये काय? पत्र्याच्या डब्यातनं बोलल्यागत वाटतंय."

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. आवाज न चढवता म्हणाले, "मला तू अशीच आयकू येतीस."

काकूंनी हेडफोन काढले नाहीत. तुकडा संपेपर्यंत ऐकला, मग पुन्हा लावायला सांगितला. मी खिडकीजवळ जाऊन पडदा उगाच सारखा केला.

त्या दिवशी अण्णांना घरी नेण्यासाठी एकच आल्बम दिला. आमच्या ग्रुपवर सुचवताना मी पानभर लिहिते. इथे तीनच गोष्टी सांगितल्या. रोज थोडा वेळ ऐकायचं, थेट मशीनवर ब्लूटूथने, आणि आधी फक्त ठेका, मग फक्त बेस, मग आवाज, असं एकेक वेगळं काढायचं. पुढच्या भेटीला मशीन चालू असल्याचा वेळ वाढला होता. दुकानात स्पीकरवर लावतात, काकू सांगत होत्या. द्राक्षबागेवाले पाइप घ्यायला आले की विचारतात, अण्णा, डीजे कवापास्नं धरला? अण्णा त्यांनाही चौथी मात्रा मोजायला लावतात.

सगळं सरळ झालं नाही. उत्साहाच्या भरात अण्णा पुन्हा पेटीवर बसले आणि दोन दिवस मशीन लावलं नाही. काकूंचा फोन आला. मी दुसरा आल्बम पाठवला. हा मधला होता, जॅझ-फंककडे झुकलेला, पण बेस सगळा सिंथेसायझरवर आणि सुटासुटा. बेस वर जातोय की खाली, एवढंच सांगा म्हटलं. त्यांना ते कळायला बरेच आठवडे लागले. कळलं तेव्हा त्यांनी मला व्हॉइस मेसेज पाठवला. त्यात मागे गाणं वाजत होतं. बेस वर जाताना "वर", खाली येताना "खाली", एवढंच.

महिन्यातून एका शनिवारी इम्प्लांटवाले पेशंट क्लिनिकमध्ये जमतात. चहा होतो, तक्रारी होतात. त्यात मेढ्याच्या शालनताई येतात. अंगणवाडीत होत्या, अण्णांच्या आधी त्यांचं ऑपरेशन झालं. बोलणं उत्तम कळतं, पण संगीताचं नाव काढलं की कपाळाला आठ्या. अण्णांनी त्यांना आपला पहिला आल्बम ऐकवला. शालनताईंनी मशीनचा आवाज कमी केला आणि म्हणाल्या, "भाऊ, डोकं उठलं माजं. ह्ये तुमास्नी आवडतंय?"

मला वाटलं, आता अण्णा दुखावणार. ते दुखावले नाहीत. त्यांनी विचारलं की आधी काय ऐकायचात. शालनताई म्हणाल्या, जात्यावरच्या ओव्या, आणि पोरांना झोपवताना म्हणायचे ते. अण्णांनी जरा विचार केला. "मंग ह्यो पयला नगोच. दुसरा लावा. त्यात शेवटनं दुसरं हाय, लय हळू चालतंय. बेस घरघरतोय नुस्ता, जात्यागत. बाकीचं सोडून द्या."

मी टेबलापलीकडून हे ऐकत होते. माझा ग्रुप माझ्या डोळ्यांसमोर होता. फक्त इथे कोण कुठला ते माहीत होतं.

शालनताईंनी ते घरी नेलं. पुढच्या शनिवारी म्हणाल्या, बरं आहे, पण मध्येच टाळ्या कशाला. अण्णांचा आणि त्यांचा त्या टाळ्यांवरून चहा थंड होईपर्यंत वाद झाला. बाकीचे पेशंट आपापल्या फोनवर तेच शोधायला लागले.

अण्णांची शब्द ओळखण्याची टेस्ट आता पूर्वीच्याही पुढे गेली आहे. पेटी परत आली नाही. येईल असं मी त्यांना कधी म्हटलेलं नाही. बस्तीत ते झांज वाजवतात आणि काकू सांगतात की पेटीवाला घाईत गेला तर तेच त्याला आवरतात.

सरांना मी सगळा प्रकार सांगितला, दोन आल्बमही ऐकवले. त्यांना दोन्ही आवडले नाहीत. पण ऑपरेशनआधीच्या काउन्सेलिंगमध्ये एक वाक्य आम्ही बदललं. पूर्वी म्हणायचो, गाणं पूर्वीसारखं ऐकू येणार नाही. आता म्हणतो, तुमचं आवडतं गाणं कदाचित जाईल, पण दुसरं एखादं सापडेल, ते कुठलं हे आम्हाला आत्ता माहीत नाही आणि शोधायला वेळ लागेल. वाक्य फार लांब झालंय. सर म्हणाले, असू दे, त्यातला एकही शब्द खोटा नाही.