खिडकीजवळची पुठ्ठ्याची खुर्ची

विक्रीसाठी सजवायच्या नवीन घराच्या दारातून आत शिरली की नीवेस झेरियाल आधी जमिनीकडे बघायची. भिंतींना रंग देता येतो, दिवे बदलता येतात, चांगला पडदा लावला की खिडकीचं वय लपतं. पण लाकडी जमीन तासून घ्यायची म्हटलं की विकणाऱ्याच्या कपाळावर आठ्या पडतात, आणि शेवटी ते काम होतच नाही.

सान जाकोमो वस्तीतल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरात तिला नको ते पहिल्याच खोलीत दिसलं. खिडकीजवळ परातीएवढी जागा झिजून पांढुरकी पडली होती, आणि तिच्यामागे खुर्चीच्या पायांचे खळगे उमटले होते. घरमालक नेरेओ बाबिच बंदरावर क्रेन चालवायचे. निवृत्त होण्याआधी संध्याकाळी आणि निवृत्त झाल्यावर दिवसभर, ते तिथेच बसत आले होते. बायको गेली, जिना झेपेना, तेव्हा मुलीने त्यांना खाडीपलीकडच्या मुग्या गावी आपल्याकडे नेलं. त्यांच्याबरोबर त्यांची खुर्चीही गेली. जमिनीवरचा डाग तेवढा मागे राहिला.

नीवेसने नेहमीचा उपाय केला. त्याच जागी, त्याच कोनात, तिने आपली आरामखुर्ची ठेवली. राखाडी कापडाचा अभ्रा, पाठीला मोहरी रंगाची उशी. डाग पूर्ण झाकला गेला. खुर्ची पुठ्ठ्याची होती.

त्या घरातलं जवळजवळ सगळंच पुठ्ठ्याचं होतं. सोफा, कपाट, पलंगाची चौकट. पलंगावर हवा भरलेली गादी आणि तिच्यावर इस्त्री केलेली चादर. लिफ्ट नसलेल्या इमारतीत खरं सामान चढवायचं म्हणजे हमालांचाच खर्च निघत नाही. पुठ्ठ्याच्या घड्या ती आणि तिचा नवरा तुल्यो दोघंच काखेत मारून वर न्यायची. वाऱ्याने सरकू नये म्हणून सोफ्याच्या पोटात पाण्याच्या बाटल्या ठेवायची. बोरा वारा सुटला की या शहरात माणसं सरकतात, तिथे पुठ्ठ्याची काय कथा.

पूर्वी ती शहरातल्या मोठ्या कापडाच्या दुकानात काचेमागची आरास करायची. दुकान बंद पडलं तेव्हा तिची पन्नाशी जवळ आली होती. त्या वयात कुणी नोकरी देईना. मग तिने विकायला काढलेली घरं सजवायचा हा धंदा सुरू केला. सुरुवातीला तीन दलाल तिला काम द्यायचे. एकाने कार्यालय बंद केलं. दुसऱ्याने संगणकावरच खोल्यांत खोटं सामान भरायला सुरुवात केली. उरला फुल्वियो पेर्तोत, आणि त्याच्या भागीदाराला हा सजावटीचा खर्च डोळ्यांत खुपत होता.

फुल्वियोने तिला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. सान जाकोमोचं घर बरेच महिने पडून होतं. आता ते सजवूनही गेलं नाही, तर भागीदारापुढे तिची बाजू घेणं त्याला जमणार नव्हतं. तेव्हापासून नीवेसला झोप नीट लागत नव्हती. ती अंथरुणात पडल्यापडल्या मनातल्या मनात उशा हलवायची.

त्यात फुल्वियोने एक गोष्ट तिच्या मनाविरुद्ध केली. खुर्चीवर आणि पलंगावर ती नेहमी ‘कृपया बसू नये’ अशी छोटी पाटी ठेवायची. त्याने त्या पाट्या उचलून कपाटात टाकल्या. म्हणाला, संग्रहालय वाटतं. लोकांना आधी घर फिरून बघू दे, पुठ्ठ्याचं मग सांगू. तिला पटलं नाही, पण ती गप्प बसली. ज्याच्या हातात पुढचं काम आहे त्याच्याशी पाट्यांवरून कोण भांडणार?

दुसरी काळजी नेरेओंची. घर दाखवायचं असलं की ते मुग्याहून बसने यायचे, आणि येणाऱ्या माणसांना सगळं खरं सांगायचे. एका जोडप्याला त्यांनी स्वयंपाकघरात नेऊन, बोरा सुटला की खिडकी कशी शिट्टी घालते ते तोंडाने वाजवून दाखवलं होतं. ते जोडपं पुन्हा फिरकलं नाही. फुल्वियोने मुलीला फोन करून नेरेओंना येऊ देऊ नका अशी हात जोडून विनंती केली होती.

त्या शनिवारी येणार होते ते नवराबायको, मार्तीना आणि इगोर. बरोबर मार्तीनाची आई, ओंदीनाबाई. घराला पैसा आईचा लागणार होता, म्हणजे घर तिलाच पटायला हवं होतं. आणि फुल्वियोने जाता जाता सांगितलं की बाई अंगाने भारी आहेत आणि गुडघ्यांनी अधू.

नीवेसचं त्या क्षणी जे काळीज हललं ते शनिवारपर्यंत जागेवर आलं नाही. चार मजले चढून आलेलं गुडघेदुखीचं माणूस दारातून आत शिरल्यावर पहिलं काय करील? बसेल.

सकाळपासून ती तिथे होती. दिवे लावले, न्हाणीघरात पांढरे टॉवेल टांगले, वाडग्यात लिंबं मांडली. नंतर जिन्यात आवाज आला. आधी मार्तीना, मग इगोर, मग कठड्याला धरून, प्रत्येक मजल्यावर थांबत ओंदीनाबाई. चेहरा लाल, कपाळावर घाम. त्यांची नजर खोलीभर फिरली आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर थांबली.

“सिओरा, आधी स्वयंपाकघर बघा,” नीवेस म्हणाली आणि त्यांच्या नि खुर्चीच्या मधे जाऊन उभी राहिली. “तिथला उजेड आत्ताच चांगला असतो.”

स्वयंपाकघरात भिंतीला पक्कं केलेलं एक जुनं लाकडी बाकडं होतं, त्या घरात बसण्याजोगी तेवढी एकच जागा. ओंदीनाबाई त्यावर टेकल्या. तिने पाणी दिलं, खिडकीतून दिसणारा समुद्राचा तुकडा दाखवला, पण बाकड्याजवळून ती हलली नाही. बाई उठल्या की त्यांना बाहेरच्या बाहेर दुसऱ्या खोलीत कसं न्यायचं एवढाच हिशेब तिच्या डोक्यात चालला होता.

त्यामुळे बाहेरचं दार उघडल्याचं तिने ऐकलं नाही.

नेरेओ टपालपेटीतली पत्रं न्यायच्या निमित्ताने आले होते. जिना चढून दमले होते. फुल्वियो नवराबायकोला झोपायच्या खोलीत काही दाखवत होता. पुढची खोली मोकळी होती. नेरेओ नेहमीसारखे खिडकीकडे चालत गेले, वळले, आणि मागे न बघता बसले.

मोठं खोकं पायाखाली चिरडावं तसा आवाज झाला.

नीवेस धावत आली. नेरेओ जमिनीवर होते. एक हात अंगाखाली, भोवती राखाडी अभ्रा पसरलेला. मोहरी उशी भिंतीपाशी जाऊन पडली होती. ते ओरडले नाहीत, कण्हलेही नाहीत. घाबरल्यासारखे तिच्याकडे बघत राहिले.

“माझी खुर्ची कुठंय?” त्यांनी विचारलं.

“मुग्याला आहे, सिओर नेरेओ. तुमच्या मुलीकडे.”

“हां,” ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, “हां, खरंच की.”

तोवर सगळे जमले. इगोरने चिरडलेला पुठ्ठा उचलून बघितला, शेजारच्या सोफ्यात बोट खुपसलं, आणि सासूकडे वळून म्हणाला, “सासूबाई, तुम्ही बसला असता तर आपण खालच्या मजल्यावरच भेटलो असतो.”

“तू गप्प रहा,” ओंदीनाबाई म्हणाल्या. त्या नेरेओंकडे बघत नव्हत्या. त्यांच्याभोवतीची झिजलेली जमीन बघत होत्या.

फुल्वियोने नीवेसला दाराशी ओढलं आणि हळू आवाजात सांगितलं की तो टॅक्सी बोलावतो, मुलगी थेट इस्पितळात येईल, नीवेसने इथे थांबून बाईंना सांभाळून घ्यावं. आता काहीतरी बोलून वेळ मारून न्यायला हवी होती.

“ते एकटे कसे जातील?” नीवेस म्हणाली.

“तू गेलीस तर मी यांना काय सांगू?”

“पुठ्ठ्याचं आहे ते त्यांना दिसलंय. सांगायचं काय राहिलंय?”

ती नेरेओंना घेऊन जिना उतरली. प्रत्येक पायरीला तिच्या मनात येत होतं की आपण धंदा वर सोडून चाललो आहोत. नेरेओ दुखरा हात छातीशी धरून उतरत होते.

इस्पितळात बराच वेळ बसावं लागलं. मनगटाच्या हाडाला बारीक चीर होती, प्लास्टर घालायचं ठरलं. तेवढ्यात मुलगी ग्रात्सिएला आली. उंच, कामावरून तशीच धावत आलेली बाई. तिने आवाज चढवला नाही.

“माझ्या बापाला कागदावर बसवलंत तुम्ही,” ती म्हणाली.

 नीवेसच्या मनात भराभर येऊन गेलं: तक्रार, वकील, भागीदाराच्या कानावर गेलेली हकिकत.

“तिनं नाही बसवलं,” नेरेओ म्हणाले. “मी बसलो. तिथं बसायला मला कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं.”

 ग्रात्सिएलाने बापाचा कोट नीवेसच्या हातून काढून घेतला.

फुल्वियोचा फोन संध्याकाळी आला. त्याच्या आवाजावरून काही कळेना. ओंदीनाबाईंना घर पुन्हा बघायचं होतं, पण रिकामं. एक उशी, एक टॉवेलसुद्धा नको. भागीदाराला सगळं कळलं होतं. तो हसला होता, आणि ते हसणं फुल्वियोला आवडलं नव्हतं.

तुल्योच्या मदतीने तिने घर मोकळं केलं. पुठ्ठ्याच्या घड्या घालताना तुल्यो म्हणाला, “लोकांची घरं सजवतेस. आपल्या न्हाणीघराचा दिवा कधीचा गेलाय.” इतर वेळी ती हसली असती. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, की आता आपल्या घरासाठी तिला वेळच वेळ मिळणार आहे. तुल्योने मग दोन खेपा एकट्याने केल्या.

दुसऱ्या वेळी ओंदीनाबाई तयारीने आल्या. इगोरच्या खांद्यावर घडीची खुर्ची होती. ती उघडून बाई खोलीच्या मधोमध बसल्या आणि हाताने जमीन दाखवून म्हणाल्या, “हे झाकायलाच ती खुर्ची ठेवली होती ना?”

“हो,” नीवेस म्हणाली.

फुल्वियो खोकला.

“आणखी काय झाकलंय?”

नीवेसने मनात सगळं घर एकदा फिरून पाहिलं. “स्वयंपाकघरातली खिडकी बोऱ्यात शिट्टी घालते. ती झाकली नाही, पण सांगितलीही नाही.”

फुल्वियोने पाठ फिरवली आणि तो बाहेर बघू लागला. आता सगळं संपलं असं नीवेसला वाटलं. पण ओंदीनाबाई एवढंच म्हणाल्या की त्यांच्या जन्मघरातली प्रत्येक खिडकी शिट्टी घालायची.

अडचण निघाली ती मार्तीनाची. झोपायच्या खोलीच्या दारात ती रडवेली होऊन उभी होती. “ही खोली एवढीशी कशी झाली? त्या दिवशी मोठी होती. इथं आमचा पलंगसुद्धा मावायचा नाही, आई.”

रिकामी खोली नेहमी लहान दिसते. नीवेसला हे दुकानाच्या काचेमागे काम करत होती तेव्हापासून माहीत होतं. तिने पिशवीतून रंगाऱ्याची चिकटपट्टी काढली आणि गुडघ्यांवर बसून जमिनीवर पलंग आखला. मग कपाट, कपाटाचं उघडलेलं दार, दोन माणसांनी एकमेकांना न धडकता जायची वाट. इगोर आखलेल्या पलंगात डाव्या अंगाला उभा राहिला. मार्तीनाने त्याला पलीकडे ढकललं. ती बाजू तिची होती. ती खिडकीपासून दारापर्यंत चालून गेली, परत आली, आणि पाळणा कुठे ठेवायचा ते आईला हळूच विचारू लागली.

ओंदीनाबाई खुर्ची घेऊन दारापाशी आल्या होत्या. त्यांनी पट्ट्यांकडे पाहिलं.

“आधीच एवढं केलं असतंत तर म्हाताऱ्याचं मनगट वाचलं असतं,” त्या म्हणाल्या.

नीवेसने मान खाली घालून पट्टीचा उरलेला तुकडा गुंडाळला.

त्यांनी घर घेतलं. जमिनीच्या नावाने थोडी किंमत पाडून मागितली, आणि नेरेओ त्यावर दोन दिवस अडून बसले. ती जमीन खराब नव्हे, वापरलेली आहे, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ग्रात्सिएलाने समजावलं तेव्हा प्लास्टर नसलेल्या हाताने त्यांनी सही केली.

फुल्वियोने नीवेसला कॉफी पाजायला बोलावलं आणि टेबलावर एक किल्ली ठेवली. टेकडीकडचं घर, एकटी बाई विकते आहे.

“हे शेवटचं का, ते मला विचारू नकोस,” तो म्हणाला. “मलाच माहीत नाही.”

टेकडीवरच्या बाईंचं नाव वांदा. ताठ मान, गळ्यापर्यंत लावलेली बटणं. नीवेसने सवयीने जमिनीकडे पाहिलं. फरशी होती, काहीच कळेना. तिने वही मिटून पिशवीत टाकली.

“सिओरा वांदा, तुम्ही रोज कुठं बसता?”

“का? तेवढी जागा वेगळी विकायचीय?”

 बाईंनी तिला खालून वर न्याहाळलं, मग मनाविरुद्ध स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, भिंत आणि शेगडीच्या मधल्या चिंचोळ्या जागेकडे हनुवटीने दाखवलं. घरातला सगळ्यांत वाईट कोपरा. तिथे उंच रोपाची कुंडी ठेवली असती तर तो सहज झाकला गेला असता.

बाईंच्या बसायच्या जागी काहीही ठेवायचं नाही, हे नीवेसने ठरवून टाकलं. मग फुल्वियोला ते कसं पटवायचं याचा विचार करत ती पडद्यांची मापं घ्यायला लागली.