अनवाणी वाजवलेली पेटी

अमेरिकेतल्या एडिसन गावात कुणाला पेटीवाली हवी असली, की फोन एकाच घरी जायचा. सुलभा उपासनी. गणपती असो, दिवाळी पहाट असो, नाहीतर कुणाच्या बेसमेंटमधली बैठक, बाई आपली पेटी गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून, तिला सीटबेल्ट लावून हजर. हो हो, सीटबेल्ट. नवरा पुढच्या सीटवर तसाच बसलेला असला तर एकवेळ तिच्या लक्षात यायचं नाही, पण पेटी हललेली तिला खपायची नाही.

ही पेटी वाजायची ती नंदासाठी. नंदा म्हणजे तिची मैत्रीण, शेजारच्या आयसेलिनला राहणारी गायिका. दोघी एकाच सुमाराला अमेरिकेत आल्या आणि एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्सच्या लाँड्रीरूममध्ये भेटल्या. नंदा कपड्यांच्या घड्या करता करता गुणगुणत होती आणि सुलभाची बोटं शेजारच्या ड्रायरवर आपोआप चालायला लागली. तेव्हापासून नंदा पुढे आणि सुलभा मागे. नंदाला ठरवून गायची मुळी सवयच नव्हती. स्टेजवर बसल्यावर राग बदलणार, भलत्या ठिकाणाहून तान उचलणार, आणि सुलभा न चुकता तिच्या पाठोपाठ पोचणार. साथ करणाऱ्यानं गाणाऱ्याच्या अर्धं पाऊल मागे राहायचं असतं. पुढे गेलं तर आगाऊपणा, फार मागे पडलं तर गबाळेपणा. सुलभानं ते अर्धं पाऊल पंचवीस-तीस वर्षं सांभाळलं. निवेदन करणाऱ्यांना मात्र तिचं नाव कधी धड आठवलं नाही. "आणि पेटीवर आहेत..." म्हणून ते हातातला कागद उलटसुलट करायचे, तोवर हिनं सूर धरलेला असायचा.

मग नंदाच्या मुलाला डॅलसला जुळं झालं. आजी तिकडे गेली ती नातवंडांत रमली, आणि वर्षभरात आयसेलिनचं घर विकून कायमची तिकडचीच झाली. यात तिची काही चूक नव्हती. पण एडिसनमध्ये सुलभाच्या हातांना काम उरलं नाही.

तिथल्या मराठी मंडळाचा अवधूत, मूळचा नागपूरचा, कामानं आयटीवाला आणि स्वभावानं भारी चिवट, तिच्या मागेच लागला. "मावशी, दिवाळीला तुम्ही एकट्याच वाजवा. अर्धा तास. मी स्लॉट ब्लॉक केलाय." नाही म्हणणं सुलभाला कधीच जमलेलं नव्हतं. ती बसली. पहिल्या दोन जागा छान घेतल्या आणि तिचा हात थांबला. तो वाट बघत होता. कुणीतरी पुढे जाईल, मग आपण निघू, अशी त्या हाताला जन्माची सवय. पुढे कुणी नव्हतं. लोकांना वाटलं माइक गेला. साउंडवाला धावत येऊन वायरी हलवून गेला. सुलभानं नमस्कार केला, पेटीचं झाकण लावलं आणि ती उठली. गाडीत पेटीला सीटबेल्ट या खेपेला तिच्या नवऱ्यानं, विनयनं लावला.

पेटी कोटांच्या कपाटात गेली, हिवाळी कोटांच्या खाली. उन्हाळा आला तेव्हा तिनं अवधूतला सांगून टाकलं, की रविवारच्या मराठी शाळेला पेटी हवी होती ना, तर माझी घेऊन जा. अवधूत हबकला. तिनं त्याला समजावलं, की मी जुलैत इटलीला चाललेय, परत आले की येऊन ने.

इटलीचा बेत खरं तर दोघींचा होता. साठी झाली की मुलंबाळं, नवरे सगळं मागे ठेवून जुनी गावं बघत हिंडायचं, असं त्यांनी त्या लाँड्रीरूमपासून ठरवलेलं. तिकिटं काढली आणि नंदाच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. सुलभाही कॅन्सल करणार होती, तर नंदानं फोनवर तिला झापलं. माझ्या वाटचंही बघून ये म्हणाली. विनयला विचारलं, तर त्यानं उन्हातान्हात चर्चं बघत हिंडण्यापेक्षा लॉनला पाणी घालणं पसंत केलं. उरली सुलभा. आयुष्यात डॉक्टरकडेसुद्धा एकटी न गेलेली ही बाई बॅग घेऊन नेवार्कहून इटलीच्या विमानात बसली.

आणि काय सांगावं, तिला मजा यायला लागली. लुक्का गावाच्या भिंतीवरून ती संध्याकाळची चालत फिरली. बोलोन्याच्या कमानींखाली ऊन चुकवत हिंडली. क्रेमोनाला व्हायोलिनं बनवणाऱ्यांच्या दुकानांबाहेर काचेला नाक लावून उभी राहिली, इतकी की एका कारागिरानं हसून दार उघडलं आणि अर्धवट झालेलं एक व्हायोलिन तिच्या हातात दिलं. चर्चच्या घंटा वाजल्या की तिचं मन आपसूक सूर ओळखायचं, ही काळी दोन, ही पांढरी सहा. मग ती फोनवर घंटेचं रेकॉर्डिंग करून नंदाला पाठवायची, आणि नंदा डॅलसहून बाळांच्या रडण्यातून ओरडून कळवायची, की बरोबर, काळी दोनच. सगळं छान होतं. फक्त पेटीचा विषय दोघीही काढत नव्हत्या.

शेवटच्या आठवड्यात ती उंब्रियातल्या एका डोंगरावरच्या लहानशा गावी पोचली. टळटळीत दुपार. गल्ल्या चढून दमलेली. वर एक छोटं चर्च दिसलं. आत अंधार, गारवा, फुलांचा वास, दोन म्हाताऱ्या डोळे मिटून बसलेल्या. एवढं पुरे झालं. रोम-फ्लॉरेन्सच्या मोठमोठ्या चर्चमध्ये तिकिटाच्या रांगेतून ती बूट घालून बिनदिक्कत शिरली होती, पण इथं तिचे पाय आपोआप थांबले. तिनं चपला काढल्या. दाराशी एक मोठी टोपली होती, तिच्या शेजारी त्या नीट जुळवून ठेवल्या. आपल्याकडे देवळाबाहेर शहाणी माणसं एक चप्पल इकडे आणि एक तिकडे ठेवतात, म्हणजे कुणी उचलत नाही. इथं कोण नेतंय, असं म्हणून बाई आत गेल्या.

बाहेर येऊन बघते तर चपला नाहीत आणि टोपलीही नाही. दगड असे तापलेले, की ती एका पायावर नाचत परत आत पळाली. चर्चची व्यवस्था बघणारी बाई पुढे आली. ग्रात्सिएला तिचं नाव, साधारण सुलभाच्याच वयाची, कमरेला ॲप्रन. फोनमधल्या भाषांतरावर दोघींचा संवाद झाला आणि उलगडा झाला. ती टोपली गरजूंना द्यायच्या कपड्यांची. गावातली माणसं तिच्यापाशी जुने कपडे, बूट ठेवून जात. व्हॅनवाला नुकताच सगळं गोळा करून खालच्या गावांत वाटायला गेला होता, आणि एवढ्या नीट जुळवून ठेवलेल्या चपला दानाच्याच असणार, यात त्याला शंका वाटायचं कारण नव्हतं.

सुलभा खो खो हसायला लागली. ग्रात्सिएला मात्र ओशाळून पाणी पाणी झाली होती. तिनं व्हॅनवाल्याला फोन लावला. तो संध्याकाळी परत येणार होता, तोपर्यंत बसणं आलं. सुलभा गार फरशीवर पाय टेकवून बाकावर बसली, आणि मग तिला कोपऱ्यातली ती वस्तू दिसली. कापड घातलेली, कमरेएवढी, खाली पायांनी दाबायचे दोन रुंद पायटे. ती उठून जवळ गेली. पायपेटी!

सांगलीला तिला पेटी शिकवणारे मास्तर नाटक कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांच्या घरी अशीच पायपेटी होती. पायांनी भाता चालवायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. लहानग्या सुलभाचे पाय खाली पोचायचे नाहीत. मग मास्तर स्वतः जमिनीवर बसून हातांनी पायटे दाबायचे आणि म्हणायचे, "तू वाजव, वारा मी घालतो." एवढा मोठा माणूस, एका चिमुरडीच्या पायाशी बसून वारा घालायचा. त्यांचे आभार मानायचे असतात, हे तेव्हा तिला कळलंही नव्हतं.

ग्रात्सिएलानं कापड काढलं आणि हातानं खूण केली, बसा. सुलभानं अनवाणी पाय पायट्यांवर ठेवले. लाकूड गुळगुळीत आणि गार होतं. भात्यात हवा भरली, तिनं एक सूर दाबला आणि नेहमीसारखी थांबली. हात वाट बघायला लागले. तेवढ्यात जपमाळ घेऊन गावच्या बायका जमल्या, त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली होती. सुलभा ओशाळून उठली, तर ग्रात्सिएलानं तिचा खांदा दाबून तिला परत बसवलं.

बायकांनी सुरुवात केली. एकीनं म्हणायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं, सगळं एकाच सुरावर, तेच तेच, पुन्हा पुन्हा. पांढरी पाच. आवाज कानावर पडला मात्र, सुलभाच्या हातांना काम मिळालं. तिनं तिथंच सा धरला आणि हलकेच त्यांच्या मागून निघाली. दिवस कललेला, मनात भीमपलास आला, तर भीमपलास. बायकांचा सूर तंबोऱ्यासारखा चालू होता आणि ती त्याच्या कडेकडेनं जात होती. मग ती मध्यमावर जरा रेंगाळली. मग वर गेली. दोन्ही हात मोकळे, भाता पायांत, कुठली घाई नाही. नंदा घ्यायची त्या जागा आल्या, आणि नंदानं कधीच घेतल्या नव्हत्या त्याही आल्या.

खाली उतरून तिनं सा वर हात ठेवला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की प्रार्थना संपलेली आहे. कधीच संपलेली आहे. बायका माळा मांडीवर ठेवून ऐकत बसल्या होत्या. ती एवढा वेळ कुणाच्याच मागून जात नव्हती. आता हात थांबणार, असं तिला वाटलं. पहिल्या बाकावरची सगळ्यात म्हातारी बाई पुढे वाकून काहीतरी बोलली. ग्रात्सिएलानं फोन पुढे केला. पडद्यावर लिहून आलं होतं, "ती विचारते आहे, अजून आहे का?"

सुलभानं मान हलवली. होतं. पुष्कळ होतं. तिनं डोळे पुसले आणि पुढे वाजवलं.

चपला काही आल्या नाहीत. खालच्या गावात एका बाईला त्या इतक्या बरोबर बसल्या, की ती घालून कामावरही गेली होती. व्हॅनवाला हात जोडायला लागला. सुलभानं त्याला सांगितलं, की राहू दे तिच्याकडे, मला या चपलांचा फायदा तिच्यापेक्षा जास्त झालाय. हे भाषांतरात कितपत पोचलं, देव जाणे. ग्रात्सिएलानं घरून आपले काळे बूट आणून दिले, पुढे जरा सैल होते, म्हणून त्यांत कापूस कोंबला. ते बूट घालूनच बाई नेवार्कला उतरल्या. विनयनं आधी बूट बघितले, मग तिचा चेहरा बघितला, आणि बॅग उचलता उचलता एवढंच विचारलं, की पेटी कपाटातून काढून ठेवू का.

शनिवारी अवधूत आला. पेटी हॉलमध्ये काढून ठेवलेली, पुसलेली. त्यानं खाली मान घालून ती उचलली.

"ने," सुलभा म्हणाली. "पण गणपतीच्या हॉलवर ने. आणि बरोबर मलाही ने. शाळेला मी नवी घेऊन देईन."

अवधूतनं पेटी इतक्या घाईनं खाली ठेवली, की सुलभा ओरडली.

गणपतीला नंदा काठी टेकत डॅलसहून आली. लोकांनी गायचा आग्रह केला, तिनं साफ नकार दिला. मी ऐकायला आलेय म्हणाली, आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली. सुलभानं भीमपलास सुरू केला. थोडी पुढे गेली असेल नसेल, तिला एक ओळखीचा आवाज ऐकू आला. नंदा बसल्या जागी, अगदी हळू, तिच्या मागून गात होती. सुलभा वर गेली, की नंदा मागून वर जात होती. सुलभानं वाट बदलली, की चाचपडत होती, चुकत होती, परत येऊन मिळत होती.

कार्यक्रम संपल्यावर दोघी दाराशी बूट घालायला बसल्या. सुलभा ते काळे बूट घालत होती. नंदानं तिचा हात धरला.

"कुणाच्या मागून जाणं किती अवघड असतं गं," नंदा म्हणाली. "मला दहा मिनिटं जमलं नाही. तू इतकी वर्षं कसं केलंस? मी कधी थँक यूसुद्धा म्हटलं नाही तुला."

"तू पुढे होतीस ना," सुलभा म्हणाली. "मला कुठे काही ठरवावं लागत होतं?"

मग तिनं खाली वाकून नंदाच्या बुटाची नाडी बांधून दिली, कारण त्या गुडघ्यानं नंदाला अजून वाकता येत नव्हतं.