अंगावर काढलेलं दुखणं

शिंप्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून ती काजं करायची. तिचं काज इतकं नेटकं की गिऱ्हाईक शर्ट उलटा करून बघायचं. सगळे तिला वहिनी म्हणत. नवरा दवाखान्यात कंपाउंडर. परक्यांची गळवं, भाजलेले हात तो अशा हलक्या हाताने बांधायचा की गल्लीत त्याला अर्धा डॉक्टरच समजत.

एकदा सुई तिच्या उजव्या तर्जनीत, नखाच्या कडेला घुसली. दोन दिवसांत बोट ठणकायला लागलं.

"जरा बघता का हो?" तो कामावरून आल्यावर तिने विचारलं.

"नखुरडं असेल. गरम पाण्यात मीठ घालून बुडव." त्याने मान वर केली नाही. "दिवसभर हेच बघतो, घरी तरी नको."

तिने बोट बुडवलं. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, मग पुन्हा ठणका. बोट टम्म फुगलं, नखाखाली पिवळं दिसू लागलं.

"भांडी घासायच्या वेळीच बरं दुखतं!" जाऊ म्हणाली. वहिनीने चिंधी गुंडाळली आणि डाव्या हाताने भांडी घासली.

मग ताप आला. "काखेपर्यंत ठणकतंय," ती नवऱ्याला म्हणाली.

"तुझं म्हणजे राईचा पर्वत. उद्या गोळ्या आणतो."

तो विसरला.

मनगटापासून वर चढलेली लाल रेघ शेवटी शिंप्याने पाहिली. हातातलं कापड तसंच टाकून त्याने तिला मोठ्या इस्पितळात नेलं.

"हाड सडलंय. वरचं पेर काढावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वेळेवर चीर देऊन पू काढला असता तर बोट वाचलं असतं. घरात कुणाला कळत नाही का?"

"कळतं," वहिनी म्हणाली. "चांगलं कळतं."

ती घरी आल्यावर शेजारीपाजारी भेटायला जमले. नवरा सगळ्यांना सांगत होता, "बायकांना दुखणं अंगावर काढायची सवयच असते."

"मी दोनदा सांगितलं होतं," ती म्हणाली. "ह्यांनी बघितलंसुद्धा नाही."

जावेने कप गोळा केले.

"ताप डोक्यात गेलाय हो," तो हसला. लोकही हसले. त्यांना तेच सोयीचं होतं.

काजं आता दुसरी बाई करते. वहिनी कापडाला इस्त्री करते, कमी पैशांत. जखम भरेपर्यंत नवरा रोज म्हणायचा, "आण, मी पट्टी बदलतो." ती चपला घालायची आणि चालत इस्पितळात जाऊन रांगेत बसायची.