देवीचं वस्त्र आणि लाल दिवा

देवीनंच आपली वाट अडवली, असं मला एकदा खरोखर वाटलं होतं. ज्या अंबादेवीपुढे लहानपणापासून डोकं टेकवत आले, तिच्याशी मी त्या सकाळी मूर्तिजापूरच्या पुढे, भर हायवेवर, मनातल्या मनात चक्क भांडले. दसरा नुकताच झाला होता. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी मुक्ता अकोल्याला दवाखान्यात होती. दुपारी तिचं ऑपरेशन ठरलं होतं, पण तिचं रक्त ओ निगेटिव्ह, आणि त्याची पिशवी हाताशी आल्याशिवाय डॉक्टर सुरुवात करायला तयार नव्हते. रक्तपेढीत ते शिल्लक नव्हतं. आमच्या सगळ्या गोतावळ्यात तो गट एकीचाच, माझी सून प्रणिता हिचा. मुलगा नांदगाव पेठेला गिरणीत सकाळपाळीला गेला होता. मी त्याला फोन लावायला निघाले तर प्रणिता म्हणाली, "त्यायची वाट काहून पाहता, आई? मी चालवतो न गाडी. तुमी फक्त बसा."

निघण्याआधी मी नवस बोलले. दसऱ्याला देवळातून प्रसाद म्हणून मिळालेलं देवीच्या अंगावरचं हिरवं लुगडं घरात होतं. त्याची जाड घडी करून मी ती गाडीच्या समोरच्या जाळीवर लाल नाड्यानं घट्ट बांधली आणि वरून झेंडूचा हार सोडला. देवी पुढे, आम्ही मागे. हात जोडून म्हणाले, "माते, मुक्ता बरी होऊन घरी येईपर्यंत ही गाठ सुटणार नाही." आम्ही बोललेला नवस मोडणारी माणसं नव्हे. प्रणितानं घडीचं एक टोक धरलं होतं. घाईच एवढी होती, की तिच्याही मनात दुसरं काही आलं नाही.

बडनेरा मागे पडलं, मूर्तिजापूरही गेलं, आणि गाडीत टुंग टुंग वाजायला लागलं. इंजिनाची उष्णता दाखवणाऱ्या काट्यानं वरचं टोक गाठलं होतं आणि शेजारी लाल दिवा पेटला होता. प्रणितानं आधी एसी बंद केला, मग थंडीत लावतात तो हीटर पुरता सोडला. म्हणाली, "काचा खाली घ्या, आई. इंजिनाची धग थोडी आपल्या अंगावर घेऊ, तेवढाच त्याले आराम." आश्विनातलं ऊन, त्यात तोंडावर भट्टीसारखी हवा, आगीतून फुफाट्यात म्हणतात ते मी त्या दिवशी अनुभवलं. जागा मिळताच तिनं गाडी कडेला, एका कपाशीच्या शेताजवळ लावली आणि इंजिन बंद केलं.

मी तोवर देवीला जाब विचारत होते. तुझं वस्त्र पुढे बांधलं, तरी तू अशी अडवतेस? त्या पोरीनं तुझं काय बिघडवलं? डोळ्यांना धार लागली होती. प्रणिता बॉनेट उघडून शांतपणे एकेक गोष्ट पाहत होती. रेडिएटरच्या झाकणाला तिनं हात लावला नाही; गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, हे तिला पक्कं ठाऊक. बाजूच्या टाकीतलं पाणी खुणेबरोबर होतं. खाली वाकून पाहिलं, कुठे थेंबही गळत नव्हता. पट्टा शाबूत, पंखा इंजिन बंद होऊनही भणभणत होता. अचलपूरला बापाचा ट्रॅक्टर दुरुस्त करताना पान्हे देत, शिव्या खात ती हे शिकली. लग्नात तिच्या मावशीनं "पोरीले सैपाक बेताचाच येते," असं मला हळूच सांगितलं होतं. खरंच होतं ते. पण त्या घडीला पदर खोचून, कपाळावर काळा डाग घेऊन उभी असलेली ती पोर पाहून माझा ऊर भरून आला. अभिमान हे पाप असेल तर ते मी केलं.

मग तिनं जाळीसमोर हात धरला आणि थांबली. माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, राग नका मानू. पाणी हाय, पंखा फिरून राहिला, पण इंजिनाले वारा भेटून नाई राहिला. समोर लुगडं हाय." एवढं बोलून ती मागे सरली. "मी हात नाई लावत. सोडाचं का नाई, ते तुमी सांगा."

सोडावं तर नवस मोडतो, आणि मोडलेल्या नवसाचं माप मुक्ताच्या पदरात पडायचं. न सोडावं तर रक्त पोहोचत नाही. "एसटीला हात दाखवू," मी म्हणाले. पण एसटी इथे कशाला थांबते? एक भरधाव निघूनही गेली. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. शेवटी म्हणाले, "माते, मला कळत नाही. तूच सांग."

शेतातून कापूस वेचणाऱ्या बाया आमच्याकडे येत होत्या. पुढची वयस्कर बाई जाळीपाशी आली आणि तिनं दोन्ही हात जोडले. "अंबामायचं लुगडं हाय काय हे?" मी मान हलवली. ती म्हणाली, "आज आमची पयली वेचणी हाय जी. मायेले जरा खाली घ्या न, ओटी भरतो आमी तिची."

गाडीला काय झालं, हे तिनं विचारलं नव्हतं आणि आम्ही सांगितलंही नव्हतं. मी प्रणिताकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. मग मी माझ्याच हातानं नाडा सोडला, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसले आणि वस्त्र मांडीवर पसरलं. एकेक बाई आली, ओंजळभर पांढराशुभ्र कापूस त्यात घालून कुंकू लावून गेली. मुक्ताचं कळल्यावर त्या म्हाताऱ्या बाईनं माझ्या गालावरून हात फिरवला. "जा माय, पोर बरी होते तुई." तोवर इंजिन निवलं होतं. भरल्या ओटीचं ते वस्त्र मी छातीशी धरून बसले. प्रणितानं गाडी जपून काढली. अकोल्याजवळचं बोरगाव मंजू आलं तरी काटा मधोमध राहिला, दिवा पुन्हा पेटला नाही.

रक्त वेळेत दिलं गेलं. तपासण्या झाल्या आणि ऑपरेशन ठरल्या वेळी सुरू झालं. बहीण जुन्या शहरातल्या तिच्या घरून चहाचा थर्मास घेऊन आली, तर प्रणिता दंडाला पट्टी बांधून बाकावर बसलेली. नर्सनं विचारलं, "यांना कोणी आणलं?" मी जरा मोठ्यांदाच सांगितलं, "आणायला कशाला पाहिजे कोणी? गाडी दुरुस्त करून तीच मला घेऊन आली." बाकावरचे लोक वळून पाहायला लागले आणि पोर लाजून चूर झाली.

मुक्ता बरी होऊन घरी आली. त्या बाया त्याच वेळी का आल्या, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मला एवढंच उमगलं, की मी देवीला शब्द दिला होता आणि वर तो कसा पाळायचा हेही मीच ठरवून बसले होते. ते ठरवणं मी सोडलं, बाकी तिनं पाहिलं. आता देवळात गेले की काही मागत नाही. हात जोडून म्हणते, माते, मी मागितलं ते तू दिलंस. आणि जे मागायचं मला कधी सुचलंही नसतं, ती ही पोर तू आधीच माझ्या घरात आणून ठेवली होतीस.