गाण्यांखालचा आवाज

अण्णा, म्हणजे माझे वडील, लग्नाचं शूटिंग करायचे. सोलापूरहून टेंभुर्णी, जेऊर, केम, जिथून बोलावणं येईल तिथं कॅमेऱ्याची पेटी घेऊन निघायचे. इतक्या लग्नांत ते होते, पण एकाही कॅसेटमध्ये दिसत नाहीत, कारण कॅमेरा त्यांच्याच खांद्यावर. आवाजही नाही. आमच्याकडची पद्धतच तशी. लग्नाची कॅसेट द्यायची म्हणजे मूळचा आवाज पुसायचा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी भरायची. हळदीला एक, वरातीला दुसरं, आणि मुलगी सासरी निघाली की ठरलेलं रडकं गाणं. मला त्या गाण्यांचा भारी राग. भटजी तोंड हलवतायत आणि वर बासरी वाजतेय.

अण्णा गेल्यावर दुकान माझ्याकडे आलं. आता लोक जुन्या कॅसेटी घेऊन येतात आणि मोबाइलवर दिसेल असं करून मागतात. कॅसेट संगणकात उतरवायची आणि ती फाइल एका फोल्डरमध्ये टाकायची, एवढंच माझं काम. पुढचं संगणक आपणहून करतो. फाइलचा प्रकार बदलतो, बारीक आवाज मोठा करतो आणि तयार फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवतो. बघत बसावं लागत नाही, म्हणून मीही कधी बघत नसे.

आई अण्णा गेल्यावर चारचौघांत रडली नाही. रडू आलं की स्वयंपाकघरात जायची आणि मिक्सर सुरू करायची. भांड्यात काहीच नसायचं. मी बाहेर बसून तो रिकामा मिक्सर ऐकायचे, आत जायचं धाडस व्हायचं नाही.

एकदा माझा डबा घेऊन ती दुकानात आली आणि स्टुलावर टेकली.

"ह्यात तेंचा आवाज हाय का गं कुटं?" तिनं कॅसेटींकडं बघत विचारलं. "फोटो हायत, तोंड इसरायची न्हाई मी. आवाज इसरत चाललाय."

"सगळीकडं गाणीच भरलीत गं त्यांनी."

"बघ की जरा."

मग माळ्यावरच्या अण्णांच्या सगळ्या कॅसेटी मी उतरवल्या. संगणक एकेक फाइल तयार करत राहिला आणि मी हेडफोन लावून ती ऐकत राहिले. गाणी, नुसती गाणी. एवढा बोलका माणूस स्वतःला असा साफ पुसून गेला, याचा मला संताप आला. मनातल्या मनात भांडलेसुद्धा त्यांच्याशी.

आणि केमच्या एका लग्नाची कॅसेट लागली. ते लग्न काही महिन्यांतच मोडलं होतं. कॅसेट न्यायला कुणी आलंच नाही, म्हणून अण्णांनी तिच्यावर गाणी भरली नव्हती. मंडपातला गलका, पंगतीतली भांडी, पोरांचा दंगा, सगळं जसंच्या तसं. शेवटी मुलीची पाठवणी. तिची आई जीपजवळ उभी होती, तोंडात पदर कोंबून, कॅमेऱ्याकडं चोरून बघत. तेवढ्यात कॅमेऱ्यामागून अण्णांचा आवाज आला, अगदी हळू.

"रडा मावशी, मोकळं रडा. ह्यातला आवाज मी मागनं काढून टाकतो की. कुणालाबी ऐकू जायचं न्हाई."

मला अण्णांची इतकी आठवण त्यांच्या दहाव्यालाही आली नव्हती.

तेवढा तुकडा मोबाइलवर घेतला आणि दुकान तसंच बंद करून मी घरी गेले. आई स्वयंपाकघरात शेंगदाणे निवडत होती. मी मोबाइल तिच्या कानाशी धरला. तिनं ऐकलं.

"परत लाव," ती म्हणाली.

मी परत लावलं. तिनं पदर तोंडात कोंबला, मिक्सरच्या बटणाकडं हात नेला आणि तिथंच थांबवला. मग पदर तोंडातून काढला आणि मोठ्यानं रडली.