पंख्याच्या लाईनीचा कनेक्टर

माझं शेवटून दुसरं पोस्टिंग नगरला आलं. मी पारनेर तालुक्यातला, त्यामुळे कंपनीत म्हणायचे, याला सरकारने घरी पोचवून दिलं. आमचा कॅम्प शहराबाहेर माळावर, फायरिंग रेंजला लागून होता. मी हवालदार, ट्रेड इलेक्ट्रिशियन. माझ्या हाताखाली दोन माणसं. एक लान्स नाईक दत्तात्रय वाळके, राहणार देवळाली प्रवरा. दुसरा शिपाई बलविंदर, पंजाबचा.

दत्ता त्याच कॅम्पमध्ये ड्यूटीवर असताना गेला. तो कसा गेला, हे त्याच्या घरी अर्धंच कळलं. उरलेलं अर्धं माझ्याकडे होतं. ते मी आठ वर्षं कोणाला सांगितलं नाही.

आमचा दिवस ठरलेला होता. ०५३० ला जनरेटर. ०७०० ला लाईन तपासणी. ०८०० ला बॅटरी शेड. वायरलेस सेटच्या आणि गाड्यांच्या बॅटऱ्या तिथे चार्ज होत. पत्र्याची खोली, एक दार, मागे आतून उघडणारी एक खिडकी, भिंतीत एक्झॉस्ट पंखा. बॅटरी चार्ज होताना गॅस सुटतो आणि तो ठिणगीने पेटतो. म्हणून पंखा सतत चालू ठेवायचा. चार्जर बंद केला तरी पंखा थांबू नये, यासाठी त्याची लाईन वेगळी ओढलेली होती. तसा नियमच होता.

माझ्याकडे एक वही असायची. प्रत्येक कामाला एक ओळ, ओळीपुढे चौकट, काम झालं की टिक. वहीत आहे ते होणार, याबद्दल साहेबांनाही शंका नसायची.

आता कनेक्टरबद्दल. तुमच्या घरात छताच्या पंख्याच्या वाटीत किंवा ट्यूबलाईटच्या पट्टीत बोटाच्या पेराएवढा ठोकळा असतो. आत पितळेची नळी, वर दोन स्क्रू. एका बाजूने एक वायर घालायची, दुसऱ्या बाजूने दुसरी, स्क्रू आवळले की जोड तयार. पुन्हा उघडता येतो. बारा जोडांची अख्खी पट्टी मिळते, हवे तेवढे कापून घ्यायचे. गिझरला चिनी मातीचा वापरावा, तिथे प्लॅस्टिक वितळतं. अलीकडे खटक्याचे कनेक्टर आले आहेत, त्यांना पेचकस लागत नाही. मी अजून स्क्रूचेच वापरतो.

मात्र त्यांची एक अट असते. वायरीतल्या बारीक तारा पिळायच्या, दुमडायच्या, आत घालून आवळायच्या आणि ओढून बघायच्या. महिन्याने पुन्हा आवळायच्या. त्या तारांना सोल्डरने, म्हणजे वितळवलेल्या कथील-शिशाने, कडक करायचं नाही. सोल्डर मऊ असतं. स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू दबत जातं. स्क्रू जागचा हलत नाही, पण जोड ढिला होतो. ट्रेड ट्रेनिंगच्या पहिल्या महिन्यात हे शिकवतात.

हे माहीत असूनही मी उलट केलं. आदल्या वर्षीच्या इन्स्पेक्शनमध्ये आमच्या सेक्शनला एक शेरा मिळाला होता: कनेक्टरबाहेर तारांचे केस दिसतात. या वर्षी तो शेरा मला नको होता. इन्स्पेक्शनच्या चार दिवस आधी मी सगळी टोकं सोल्डर करायला सांगितली. चकचकीत, सरळ, एकही केस बाहेर नाही.

दत्ता सोल्डरची इस्त्री तापवत बसला होता. हातातलं काम न थांबवता तो म्हणाला, "उस्ताद, हे दिसायला नवरीवानी हाय, पन नांदायचं न्हाई. सोल्डर दबतंय."

"मला शिकवू नको."

"तुमीच शिकिवलंय."

बलविंदरला मराठी कळत नव्हतं, तरी तो हसला.

"इन्स्पेक्शन होऊ दे," मी म्हणालो. "मग सगळी टोकं कापून परत साधी करू."

"ल्ह्या मंग वहीत. वहीत न्हाई ते तुमच्याकडनं हुत न्हाई."

मी लिहिलं नाही. जे काम मुळात चुकीचं आहे, ते दुरुस्त करायचं म्हणून लिहिलं असतं, तर वही बघणाऱ्याला चूक दिसली असती. इन्स्पेक्शन झालं. शेरा आला: वायरिंग उत्कृष्ट. दुसऱ्या दिवशी नवीन यादी सुरू झाली. टोकं कापण्याचं काम तिच्यात नव्हतं. ते झालं नाही.

त्यानंतर दत्ताने मला दोनदा आठवण करून दिली. दुसऱ्यांदा मी चिडलो. मग त्याने विषय काढला नाही. पण बॅटरी शेडमध्ये गेला की तो पंख्याच्या कनेक्टरचे स्क्रू स्वतःहून आवळायचा. ते त्याच्या कामात नव्हतं. शेवटच्या पंधरवड्यात मी त्याला रेंजच्या टेलिफोन लाईनीवर लावलं. शेडकडे बलविंदर राहिला.

तो दिवस फायरिंगचा होता. वैशाखातलं ऊन. मी रेंजच्या पार टोकाला जनरेटरपाशी, कॅम्पपासून दोन किलोमीटरवर. लाईनीचं काम संपवून दत्ता कॅम्पमध्ये परतला होता. १४२० ला सेटवर त्याचा आवाज आला. सेटवर मी वन, तो टू.

"टू फॉर वन. बॅटरी शेडचा पंखा बंद. ओव्हर."

"वन. चार्जर बंद कर. माणूस बाहेर काढ. ओव्हर."

"चार्जर बंद केला. बलविंदर बाहेर. आत गॅस हाय. मागली खिडकी उघडतो. ओव्हर."

खिडकी उघडणं बरोबर होतं. मीही तेच केलं असतं.

"वन. उघड. मी निघालो. आऊट."

मी जीपमध्ये बसलो आणि आवाज ऐकला. फायरिंग चालूच होतं. पण तोफेचा आवाज आणि हा आवाज वेगळे होते.

पोचलो तेव्हा पत्रा उडालेला होता. ॲसिड सगळीकडे. बलविंदर दत्ताला ओढत दाराबाहेर घेऊन आला होता. त्याचे स्वतःचे हात भाजले होते. १५०५ ला डॉक्टरांनी दत्ता गेल्याचं सांगितलं. देवळाली तिथून दीड तासावर. संध्याकाळी सहा वाजता आम्ही त्याला घरी घेऊन गेलो.

दुसऱ्या दिवशी मी शेड बघितली. पंख्याचा कनेक्टर खिडकीच्या चौकटीशेजारी होता. त्याचा तुकडा भिंतीला तसाच लटकत होता. स्क्रू आवळलेले होते. वायर बोटाने ओढली तर सहज बाहेर आली. टोक चपटं झालं होतं, कडा काळ्या. जोड ढिला झाला, म्हणून पंखा थांबला. लाईन वेगळी, म्हणून चार्जर बंद केल्यावरही तिच्यात करंट होता. खिडकी ओढल्यावर चौकट हलली, वायर हलली, ठिणगी पडली. मला दुसरा कोणताही अर्थ लावता आला नाही.

चौकशी झाली. अधिकाऱ्यांनी विचारलं, "कनेक्टर चेक झाले होते?"

मी म्हणालो, "जी साहब." वही पुढे केली. टिक होती.

अहवालात लिहिलं गेलं: ठिणगीचं कारण निश्चित करता आलं नाही.

पुढे दोन वर्षांनी मी पेन्शनवर आलो. आता वायरिंगची कामं घेतो. गेल्या उन्हाळ्यात राहात्याला एका बंगल्याचं काम होतं. जेवणाच्या सुट्टीत प्लास्टरवाला मिस्त्री गप्पा मारत होता. देवळालीचा निघाला.

"आमच्यातला एक फौजी गेला बघा नगरात. बॅटऱ्याच्या खोलीत. आत बिडी वढत हुता म्हनं."

"कोण म्हणालं?"

"सगळंच म्हनत्यात. सरकारी कागुदात कारन न्हाई. कारन न्हाई म्हंजी काय? त्याचीच चूक आसनार."

हातातली भाकरी मी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी मी काम बंद ठेवलं आणि देवळालीला गेलो.

दत्ताचे वडील ओट्यावर उसाचं बेणं सोलत होते. गाव त्यांना तात्या म्हणतं. त्यांनी मला ओळखलं. अंत्यविधीच्या दिवशी मी तिरडीला खांदा दिला होता. चहा आला. चहा घ्यायच्या आधी मी सगळं सांगितलं. सोल्डर, इन्स्पेक्शन, वही, चौकशी. क्रमाने. मी थांबल्यावर त्यांनी कोयता बाजूला ठेवला.

"त्यानं तुमाला सांगितलं हुतं?"

"तीन वेळा."

"बराबर सांगितलं हुतं?"

"अगदी बरोबर, तात्या."

ते म्हणाले, "पोरगा बिडी वढत न्हवता ह्ये मला ठावं हाय. त्याची आई ह्येच सांगत सांगत गेली. कुनी आईकलं न्हाई. मला सांगून काय उपेग? चला."

ते उठले, टोपी घातली. मी मागे निघालो. मारुतीच्या देवळापुढे पारावर आठ-दहा माणसं बसली होती. तात्या उभेच राहिले.

"ह्ये दत्ताचे उस्ताद. ह्यांचं आईका."

मी पुन्हा सांगितलं. काठी टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग इतके दिस कुठं हुतात, हवालदार?"

"पेन्शन जाईल म्हणून गप्प होतो," मी म्हणालो. ते खरं होतं.

"आनि आता?"

तात्यांनी हात वर केला. "ऱ्हाऊ द्या. आला न्हवं."

परत आल्यावर मी गाडीला किक मारत असताना ते म्हणाले, "ल्हिऊन ठिवा. मी किती दिस सांगनार?"

म्हणून लिहून ठेवतो. चौकशीतला माझा जबाब अपुरा होता. सहीचं पत्र जुन्या कंपनीच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलं आहे, उत्तर आलेलं नाही.

लान्स नाईक दत्तात्रय वाळके, वय एकोणतीस. त्याच्यामागे वडील आणि बहीण आहेत. बिडी, सिगारेट, तंबाखू यांपैकी काहीही तो घेत नव्हता. पंखा बंद दिसताच त्याने चार्जर बंद केला, आपल्या माणसाला बाहेर काढलं, वरिष्ठाला कळवलं, परवानगी घेतली आणि खिडकी उघडायला आत गेला. सगळं नियमाप्रमाणे आणि योग्य क्रमाने. त्या दिवशी त्या शेडमध्ये त्याच्या हातून एकही चूक झाली नाही.